गेट नीट

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात, आमच्या शेजाऱ्यांच्या गॅरेज सेलमध्ये माझ्या हातून एक राणी खाली पडली.

राणी लाकडाची होती, उंची दीड फूट. गॅरेजमध्ये आडवी काठी बांधून तिच्यावर चौदा कळसूत्री बाहुल्या टांगल्या होत्या. राणीला काठीवरून काढताना तिचे दोरे बाजूच्या चेटकिणीच्या दोऱ्यांत गुंतले. ते सोडवायला मी जरा ओढलं. राणी सिमेंटवर तोंडघशी पडली. नाक शाबूत राहिलं, पण झगा डोक्यावर गेला, आणि आत पाय नव्हते.

“आई! काय केलंस?” मुलगी म्हणाली.

“हिला पायच नाहीत.”

“आधी सॉरी म्हण ना. ओ गॉड.”

नागपूरच्या एका दैनिकात मी एकतीस वर्षं डेस्कवर होते. तिथली सवय अशी की प्रश्न आधी. दिलगिरी दुसऱ्या दिवशीच्या अंकात, आतल्या पानावर. त्यामुळे सॉरी माझ्या वतीनं मुलीनं म्हटलं. घाबरली की ती मराठी मंडळातल्यासारखी बोलते, म्हणून म्हणाली, “सो सॉरी, काका!”

खुर्चीत बसलेले शेजारी उठून आले. उंच, किंचित वाकलेले, निळा एप्रन, वय एकोणऐंशी. त्यांनी राणीऐवजी माझ्या मुलीकडे पाहिलं.

“काय म्हणालात मला?”

तिनं सांगितलं: वडिलांचा भाऊ. आदरानं म्हणतात.

“जर्मनीत लहान मुलं हा शब्द बाथरूममध्ये वापरतात,” ते म्हणाले.

“ओ नो. मग मामा?”

“मामा म्हणजे माझी आई.”

मुलीनं फोनवर इंग्रजी अक्षरांत ‘आजोबा’ टाइप करून दाखवलं. त्यांनी ते जर्मन पद्धतीनं वाचलं, म्हणजे ‘ज’चा ‘य’ केला. “आयोबा. हे चालेल.” त्या दिवसापासून ते आमचे आयोबा. माझ्याहून ते तेरा वर्षांनीच मोठे, पण मीही तेच म्हणू लागले.

ते इंग्रजीत बोलत, तुटक आणि ठाशीव. इथे मी ते मराठीत देते आहे.

राणीचे दोरे सोडवायला चाळीस मिनिटं लागली. मदत करते म्हटलं तर त्यांनी माझे हात धरून माझ्याच मांडीवर ठेवले. मुलगी घरी गेली. मी बसले आणि विचारत गेले.

“राणीला पाय का नाहीत?”

“कुठल्याच राणीला नसतात. झग्याच्या आत शिशाचं वजन असतं. राणी चालत नाही, सरकते. लोकांना कळत नाही.”

“मग चालतं कोण?”

“सैनिक. शेतकरी. सैतान. पोस्टमन.” पोस्टमन म्हटल्यावर ते जरा थांबले.

“सगळे पुरुष.”

“हो. ज्याचे पाय दिसतात त्यालाच पाय करतात.”

“आमच्याकडे बायकांचे पाय दिसतात,” मी म्हणाले. “लुगड्यात.”

चाळीस मिनिटांत कळलेली माहिती अशी. जन्म बव्हेरियातल्या एका खेड्यात. चौदाव्या वर्षी ते मामाच्या हाताखाली बाहुल्या करायला लागले. पहिलं वर्षभर मामानं फक्त पावलं कोरायला दिली. चेहरा कुणालाही जमतो, असं त्याचं म्हणणं होतं. चाळीस वर्षांपूर्वी बायकोसह अमेरिकेत आले. ती कपडे शिवायची. चार वर्षांपूर्वी ती वारली. मुलगा चँडलरला चिप तयार करणाऱ्या कंपनीत आहे. त्यानं वडिलांसाठी एक खोली तयार ठेवली आहे. घर विकलं जाणार आणि ऑक्टोबर संपायच्या आत आयोबा ॲरिझोनाला जाणार. वर्कशॉप तिकडे नेता येणार नाही, म्हणून हा सेल.

केलेली प्रत्येक बाहुली ते एका वहीत नोंदवत. एकशे अठ्ठ्याऐंशी झाल्या होत्या. शेवटची, तीन वर्षांपूर्वीची, पोस्टमन.

“तो चालला नाही,” ते म्हणाले, आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले. हात थरथरत होते. “मला आणखी एक करायची आहे, चालणारी. मग मी जाईन. वही पोस्टमनवर संपवायची नाही.”

“मग करा ना.”

“कुणाची करू? सैनिकांचा मला कंटाळा आलाय.”

माझ्या फोनमध्ये आईचा फोटो होता. आमच्या पेपरच्या छायाचित्रकारानं काढलेला, कृष्णधवल. आई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती. फोटोत ती रेल्वेचे रूळ ओलांडते आहे. लुगडं, घट्ट कासोटा, एका हातात डबा, दुसऱ्या हातात चपलांची पिशवी, डावा पाय हवेत. तोंड उघडं आहे, कारण ती छायाचित्रकाराला म्हणत होती, “फोटो काढाचा असन तं काढ, पन रस्त्यातून सरक.” फोटो माझ्याच टेबलावर आला होता. खालची ओळ मी लिहिली: ‘जिनिंगच्या कामावर निघालेल्या महिला कामगार.’ नाव टाकलं नाही. नातेवाइकांची नावं छापायची नाहीत, असा माझा नियम होता.

आयोबांनी फोटो बोटांनी मोठा केला आणि फक्त पायांकडे पाहत राहिले.

“ही पँट आहे?”

“नाही. एकच सलग कापड आहे. नऊ वार, न शिवलेलं.”

“आणि आत?”

“दोन्ही पाय मोकळे.”

“चपला पिशवीत का?”

“झिजू नयेत म्हणून.”

मग त्यांनी मला त्यांच्या ड्राइव्हवेवर आईसारखं चालून दाखवायला सांगितलं. मी तीनदा चालले. समोरच्या घरातल्या बाई गवत कापायचं थांबवून बघत उभ्या राहिल्या.

“तिचा कोणता गुडघा दुखायचा?” आयोबांनी विचारलं.

“उजवा. तुम्हाला कसं कळलं?”

“दिसतं.”

एका स्थिर फोटोवरून ते कसं दिसतं, याची पुष्टी मला आजवर करता आलेली नाही.

सोमवारी ते पटाशी घेऊन बसले. लाकूड बासवूडचं. लहानपणी गावात ज्या झाडाचं लाकूड कोरायचे, त्याचाच हा अमेरिकन चुलतभाऊ, असं ते म्हणत. सुरुवात पावलांपासून. थरथरते हात लाकडाला टेकले की थांबत. हवेत आले की पुन्हा सुरू होत. त्यामुळे कोरण्यात अडचण नव्हती. बोटं फाकलेली दोन अनवाणी पावलं आठवडाभरात तयार झाली. टाचांत त्यांनी शिसं ओतलं. गुडघ्यांना चामड्याच्या बिजागऱ्या बसवल्या, उजवीकडची जरा जास्त ताठ. जूनअखेर अंग झालं. चेहरा सगळ्यात शेवटी, आणि तोंड उघडं.

“काही म्हणते आहे का ती?” त्यांनी विचारलं होतं.

“रस्त्यातून सरक, म्हणते आहे.”

“मग जबडा जरा पुढे हवा.”

दोरे नऊ: डोक्याला दोन, खांद्यांना दोन, पाठीला एक, हातांना दोन, गुडघ्यांना दोन. सगळे वर एका उभ्या लाकडी मुठीला बांधायचे. गुडघ्यांचे दोन तेवढे वेगळ्या आडव्या पट्टीला असतात. ती पट्टी मुठीच्या पुढे अडकवलेली असते. ती काढून दुसऱ्या हातात धरायची आणि डावी-उजवी झुलवायची, की पाय चालतात. म्हणजे एका हातात सगळी बाई आणि दुसऱ्या हातात तिची चाल.

नऊ दोरे आणि नऊ वार, हे मी त्यांना मोजून दाखवलं. त्यांनी पेन्सिलनं भिंतीवर नऊचा आकडा काढून ठेवला.

अडचण जुलैमध्ये सुरू झाली.

ती सांगण्याआधी आमच्या गेटबद्दल. मुलीकडे एक तपकिरी कुत्रा आहे. मागच्या कुंपणाला एक छोटं गेट आहे, त्याची कडी नीट बसत नाही, आणि कुत्र्याला ते माहीत आहे. मुलगी घरून काम करते तेव्हा मीटिंगच्या मध्येच खिडकीतून ओरडते, “आई, गेट नीट लाव!” दिवसातून चार वेळा तरी. हे शेजारी ऐकू जातं. आयोबांचं वर्कशॉप बेसमेंटमध्ये होतं; ते मागच्या बाजूनं जमिनीलगत उघडतं, आणि त्यांच्या दारातून आमचं गेट समोर दिसतं.

जुलैत त्यांनी बाहुली पहिल्यांदा जमिनीवर उभी केली. उजव्या हातात मूठ, डाव्यात पट्टी. तिनं दोन पावलं टाकली. मग त्यांच्या हाताची थरथर दोऱ्यांतून खाली उतरली, लाकडी गुडघे एकमेकांवर खडखडले आणि बाहुली बसली. आयोबा तोंडातल्या तोंडात पुटपुटले, “गेट नीट.”

मला कौतुक वाटलं. इतकी वर्षं शेजारी राहून लोक ‘नमस्ते’च्या पुढे जात नाहीत. मी उठले, बाहेर जाऊन गेट पाहिलं, लावलेलं होतं. परत येऊन बसले. त्यांनी माझ्याकडे पाहून मान लववली.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तीन पावलं, खडखड, “गेट नीट.” मी पुन्हा जाऊन आले. माझ्या डायरीप्रमाणे जुलैअखेरपर्यंत हे नऊ वेळा घडलं. त्यांतल्या दोन वेळा गेट खरंच उघडं होतं, त्यामुळे बातमीला दुजोराही मिळाला.

“आई, तू सारखी गेटकडे का जातेस?” मुलीनं एकदा विचारलं.

“आयोबा सांगतात.”

“आयोबांना मराठी येतं?”

“तेवढंच येतं.”

दहाव्या वेळी मुलगी तिथे होती. लंच ब्रेकमध्ये ती आम्हा दोघांना चहा घेऊन आली होती. बाहुली चार पावलं चालली आणि बसली. आयोबा म्हणाले, “गेट नीट.” मी उठले.

“एक मिनिट,” आयोबा मुलीला म्हणाले. “मला विचारायचं होतं. प्रत्येक वेळी तुमची आई उठून बाहेर का जाते? कुणाची बाहुली चालली नाही तर त्याला थोडा वेळ एकटं सोडायचं, अशी भारतात रीत आहे का? मला ती फार सभ्य वाटली. म्हणून मी काही बोललो नाही.”

“ती गेट बघायला जाते,” मुलगी म्हणाली.

“कुठलं गेट?”

“आमचं. तुम्हीच सांगता ना? गेट नीट.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दारातून आमच्या गेटकडे पाहिलं. मग ते स्टुलावर बसले, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून खाली जमिनीवर बसले. हसताना त्यांचा आवाज येत नव्हता, फक्त एप्रन हलत होता. मुलगी घाबरून म्हणाली, “आई, ही इज ओके, ना?”

ते उठले आणि वही घेऊन आले. जाड पुठ्ठ्याची, लांबट. प्रत्येक ओळीत क्रमांक, महिना, लाकूड, दोऱ्यांची संख्या, आणि शेवटच्या रकान्यात रोमन लिपीत चार अक्षरांचा एक शब्द. पान उलटलं तरी तोच. एकशे सत्त्याऐंशी ओळींत हा एकच शब्द होता. शेवटच्या ओळीत, पोस्टमनपुढे, त्याला आणखी एक शब्द जोडलेला होता.

“गेट,” त्यांनी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. “म्हणजे चालतं. आणि हे—” बोट पोस्टमनवर आलं. दुसरा शब्द त्यांनी सावकाश म्हटला तेव्हा त्यात ‘नीट’ नव्हतं, घशातला एक घासलेला आवाज होता. “म्हणजे चालत नाही.”

एकतीस वर्षं नोकरी करून, एकाच सूत्राकडून आलेली माहिती मी दहा वेळा न तपासता खरी धरली होती. मुलगी भिंतीला टेकून हसत होती. “आई, यू आर अ जर्नलिस्ट!”

“आमच्याकडे हा शब्द फक्त चालण्यासाठी नाही,” आयोबा म्हणाले. “तब्येत कशी आहे? गेट. सूप कसं झालं? गेट. म्हणजे वाईट नाही. पण पुन्हा वाढू नका.”

“चालेल,” मी म्हणाले.

“आई म्हणते, ‘फाइन’,” मुलीनं भाषांतर केलं.

“फाइन नाही. शब्दशः सांग त्यांना.”

ती थांबली. “शब्दशः? ओ. इट विल वॉक.” मग स्वतःच म्हणाली, “वेट, व्हॉट?”

“सूपलाही?” आयोबांनी विचारलं.

“सूपलाही. जावई कसा आहे विचारलं, तरी चालेल,” मी म्हणाले.

“आई!”

त्यानंतर आठवडाभर ते प्रत्येक गोष्टीला ‘चालेल’ म्हणत होते. चहाला, हवेला, त्यांच्या मुलाच्या फोनला. पण बाहुली चार पावलांच्या पुढे जाईना, आणि ऑक्टोबरला दोन महिने उरले होते.

“मूठ दोन्ही हातांनी धरली तर?” मी विचारलं.

“तर थरथर थांबते. पण मग पाय कोण चालवणार?”

“पट्टी निघते ना वेगळी. मी धरते.”

“नाही.” हे त्यांनी लगेच म्हटलं. “एक बाहुली, एक माणूस.”

“हा नियम कुणाचा?”

“माझ्या मामाचा.”

“मामाचे हात थरथरत होते का?”

त्यांनी पट्टी मुठीला परत अडकवली. मुलगी वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. ती समजुतीनं म्हणाली, “आयोबा, टू-पर्सन ऑपरेशन. आमच्या लॅबमध्ये आम्ही रोज करतो.” तिला उत्तर मिळालं की ही लॅब नाही. पुढचे चार दिवस बेसमेंटचं दार बंद राहिलं. पाचव्या दिवशी सकाळी मी पोहे करत होते. ते आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून आत आले, गुडघ्यांची पट्टी कांद्याशेजारी ठेवली आणि म्हणाले, “उद्या दहा वाजता.” परत निघाले, थांबले, वळून विचारलं, “हे काय आहे?” बशीभर पोहे खाल्ले. म्हणाले, “गेट.” मी पुन्हा वाढले नाहीत.

आम्ही रोज दहा ते साडेअकरा सराव करायचो. ते मागे उभे राहून दोन्ही हातांनी मूठ धरत. मी त्यांच्या डाव्या बाजूला, पट्टी घेऊन. पहिला आठवडा मी फार वेगात होते.

“तुम्ही धावताय. तिला कुठे जायचं आहे?”

“कामावर. उशिरा गेलेलं चालायचं नाही.”

“तरीही उजवा गुडघा दुखतोच ना?”

मग मी उजवं पाऊल उशिरा सोडायला लागले. मनात मोजत होते ते नकळत तोंडानं मोजू लागले: डावा, आणि... उजवा. काही दिवसांनी आयोबाही तेच म्हणू लागले, फक्त त्यांचा ‘उजवा’ ‘उयवा’ होत होता. ऑगस्ट संपता संपता बाहुली सहा पावलं गेली. त्यांनी वही उघडली नाही. कपडे घालून चालली तरच नोंद, हा नियमही मामाचा होता, आणि तो त्यांनी मोडला नाही.

कपड्याचा हिशेब मी कागदावर केला होता. आई पाच फूट, बाहुली वीस इंच, म्हणजे एक तृतीयांश. नऊ वारांचे तीन वार. माझी एक जुनी, धुऊन विरलेली सुती साडी फाडून मी तीन वार कापड दिलं.

“वीस इंचांच्या बाईला तीन यार्ड?” आयोबा म्हणाले. “हा तर तंबू आहे.”

“तीनच लागतील.”

सप्टेंबरमध्ये एका रविवारी मी बाहुलीला लुगडं नेसवलं. कापड कमी वाटत होतं, पण बाहुलीला नेसवायचा अनुभव नसल्यानं मी तो माझाच दोष मानला. कासोटा कसाबसा मागे पोचला. आम्ही तिला उभं केलं. डावं पाऊल ठीक पडलं. उजवा गुडघा वर आला तसं मागचं कापड ताणलं आणि ती मागच्या मागे बसली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही.

“गेट नीट,” आयोबा म्हणाले. या वेळी ते मुद्दाम मराठीसारखं म्हटलं होतं, पण हसले नाहीत.

मी लुगडं सोडलं आणि टेपनं मोजलं. दीड वार.

“हे कुणी कापलं?”

“मी. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं होतं. फार जड होतं.”

“मला विचारायचं होतंत.”

“दिसायला काही फरक नव्हता.”

“लुगड्यात चार वार चालण्यासाठी असतात,” मी म्हणाले. “बाकीचे दिसण्यासाठी. तुम्ही चालण्याचे कापलेत.”

त्यांनी त्या दीड वाराची घडी घातली. मग आतल्या खोलीत गेले आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आले. त्यात त्यांच्या बायकोच्या शिवणातलं उरलेलं कापड होतं. एक गुंडाळी काढली: निळं, अतिशय तलम, जवळजवळ वजनच नसलेलं. राण्यांच्या झग्यांना आतून अस्तर म्हणून ती ते लावायची.

“तीन यार्ड असेल?” मी विचारलं.

“साडेतीन आहे. रंग?”

फोटो कृष्णधवल आहे. त्या दिवशी आईच्या अंगावर कोणत्या रंगाचं लुगडं होतं, हे मला आठवत नाही.

“निळं चालेल,” मी म्हणाले.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आयोबांचा मुलगा चँडलरहून आला. खोकी, चिकटपट्टी, यादी, सगळं त्याच्याकडे तयार होतं. सोमवारी ट्रक येणार होता. बेसमेंट रिकामं झालं, म्हणून शनिवारी दुपारी गॅरेजमध्येच बाहुली चालवायची ठरलं. आयोबांनी खडूनं एक रेघ मारली, जिथे मे महिन्यात राणी पडली होती तिथे.

मी माणसं मोजली. सतरा होती. समोरच्या गवतवाल्या बाई, गल्लीतले काही जण, आणि मुलीनं मंडळाच्या ग्रुपवर टाकलं होतं म्हणून आलेल्या तीन मैत्रिणी. शिवाय कुत्रा.

“डॅड, दोन माणसं?” मुलानं विचारलं. “एक बाहुली, एक माणूस, असं होतं ना?”

“तू खोकी बांध,” आयोबा म्हणाले.

मंडळातल्या तिघी पुढे वाकून बघत होत्या.

“अगं, कासोटा बघ कसला परफेक्ट घातलाय.”

“माझा तर दर गुढीपाडव्याला सुटतो, यार.”

“काकू, ही तुमची आई ना? काहीतरी बोलतेय असं वाटतंय.”

“सरका म्हणते आहे,” मी म्हणाले, आणि त्या खरंच दोन पावलं मागे सरकल्या.

पहिल्या प्रयत्नात तिसऱ्या पावलाला पदर तिच्या हातातल्या लाकडी डब्यात अडकला. आयोबांनी तिला उचलून परत रेघेवर ठेवलं. पदर मी कमरेला खोचला. ते माझ्या मागे उभे राहिले, दोन्ही हातांनी मूठ धरली. मी पट्टी घेतली.

“डावा,” ते म्हणाले.

ती निघाली. डावा, आणि उजवा. सहाव्या पावलापर्यंत मी आकडा मनात धरून होते. सातव्या पावलावर मूठ किंचित हलली आणि बाहुलीची मान एका बाजूला झाली, पण पाय थांबले नाहीत. आठ, नऊ, दहा. अकराव्या पावलावर गॅरेजची फरशी संपून ड्राइव्हवेचा उतार लागतो. तिथे आयोबांनी तिला उभं केलं.

“गेट,” ते म्हणाले. एकच शब्द.

मी जागेवरून हलले नाही. गेट मात्र त्या दिवशी खरंच उघडं होतं. लोक टाळ्या वाजवत असताना कुत्रा बाहेर गेला. सव्वापाच वाजता तो तिसऱ्या घराच्या डेकखाली सापडला.

सहा वाजता आम्ही आयोबांच्या स्वयंपाकघरात बसलो. टेबल आणि तीन खुर्च्या तेवढ्या बांधायच्या राहिल्या होत्या. एका खुर्चीवर बाहुली होती, म्हणून मुलगी खोक्यावर बसली. आयोबांनी वही उघडली. क्रमांक, महिना, लाकूड, दोरे नऊ, हे त्यांनी स्वतः लिहिलं. त्याला वेळ लागला, आणि ओळ सरळ आली नाही. शेवटच्या रकान्याशी आल्यावर त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

“तुमच्या भाषेत लिहा.”

“आई, ‘चालेल’ लिही ना. सो क्यूट.”

“चालेल म्हणजे पुढचं. ते अजून झालेलं नाही.”

“मग ‘चालते’ लिही.”

“आत्ता ती खुर्चीवर बसली आहे.”

“भांडण कशावरून आहे?” आयोबांनी विचारलं. मुलीनं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वही माझ्याकडे आणखी सरकवली.

एकशे एकोणनव्वद क्रमांकापुढे, शेवटच्या रकान्यात, मी देवनागरीत लिहिलं: ‘चालली. अकरा पावलं.’